ओळखपत्र ते करार

पुण्यात अनेक सोसायट्यांच्या दारी ओला-सुका कचरा न्यायला येणारी बाई महापालिकेची नोकर नसते आणि ठेकेदाराची मजूरही नसते. ती ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची सभासद असते, म्हणजे संस्थेच्या मालकांपैकी एक.

याची मुळे १९९३ मध्ये सापडतात. उकिरडे आणि कचराकुंड्या उपसून कागद, काच, पत्रा विकणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातल्या स्त्रियांनी त्या वर्षी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर होत्या आणि पाठीशी होते हमाल पंचायतीचे बाबा आढाव. पहिली मागणी पैशाची नव्हतीच. चोर समजून पोलिसांनी हटकू नये, हे काम आहे एवढे तरी मान्य व्हावे, असा आग्रह होता. १९९६ मध्ये पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे आरोग्य विम्याचा हप्ताही भरला.

खरी कसोटी २००० च्या घनकचरा नियमांनी आणली. घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे शहरांना बंधनकारक झाले. हे काम ठेकेदारांच्या गाड्यांकडे गेले असते, तर कचरावेचकांच्या हातून भंगारच निसटले असते. संघटनेने विरोधाबरोबर पर्यायही मांडला: हे काम आम्हालाच द्या. आधी प्रायोगिक तत्त्वावर काही भागांत ते करून दाखवले, मग ‘स्वच्छ’ची नोंदणी झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

करारात कामाची आणि पैशाची वाटणी ठरली. घरोघरचा कचरा सभासदांनी गोळा करायचा, वेगळा करायचा आणि महापालिकेच्या गाडीत टाकायचा. तिथून पुढची वाहतूक आणि विल्हेवाट महापालिकेची. दरमहा शुल्क घरमालक थेट कचरावेचकाला देतात, भंगार विकून आलेले पैसेही तिचेच. महापालिका व्यवस्थापनाचा खर्च उचलते आणि हातमोजे, ढकलगाड्या अशी साधने पुरवते. त्यामुळे कचरावेचकाचे उत्पन्न महापालिकेच्या बिलांत अडकत नाही. मात्र शुल्क थकवणाऱ्या सोसायटीशी रोज तिलाच झगडावे लागते.

या वाटणीची दुखरी बाजू म्हणजे मुदत. पुढचा करार २०२० च्या अखेरीस संपला. ठेकेदार नेमण्याच्या हालचाली सुरू झाल्या, कचरावेचक रस्त्यावर उतरल्या, अनेक नागरिकांनी त्यांना साथ दिली आणि काम मुदतवाढीवर चालू राहिले. हजारो स्त्रियांची रोजीरोटी महापालिकेच्या स्थायी समितीच्या एका ठरावावर टांगलेली होती.

कराराऐवजी कायद्याचा आधार असलेल्या हमालांचे उदाहरण इथे वेगळे दिसते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली, त्यांत मालक आणि कामगारांना समान प्रतिनिधित्व मिळाले, शिवाय सरकारचेही प्रतिनिधी बसले. मजुरी आणि लेव्ही (कामगारांच्या लाभांसाठी मालकांनी भरायची रक्कम) मंडळाकडे जमा होते. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यानेही नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी राखल्या, अध्यक्षपद मात्र आयुक्तांकडे ठेवले. कचरावेचकांना सामावून घ्या, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. पण किती जागा, किती वर्षे आणि निर्णय कोणाचा, हे प्रत्येक महापालिकेशी नव्याने भांडून ठरवावे लागते.