अठ्ठेचाळीस केबीतला हमाल

घरातल्या टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडून चालवायचा संगणक आमच्या वऱ्हाडात आला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि थोड्याच वर्षांत दिसेनासाही झाला. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली काढला होता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६च्या सुमारास रीतसर परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने बाजारात आणली. त्याआधी, १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते. इकडे १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, त्याच वर्षी शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. संगणक हा शब्द कानावर पडत होता. हात लावायचा म्हटलं, तर मात्र चपला बाहेर काढून लॅबमधल्या पाळीची वाट पाहावी लागे.

माझ्या अकोल्याच्या आतेभावाकडे अठ्ठेचाळीस केबी मेमरीचा डीबी स्पेक्ट्रम होता. मी अमरावतीला शिकत होतो. सुटी लागली की बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची, मूर्तिजापूर ओलांडून अकोला गाठायचं. टीव्ही एकच, तोही आत्याचा. "आता बातम्या लागू द्या न बाप्पा," असं ती म्हणाली की आमचा कारखाना बंद.

आम्हाला खेळ करायचा होता. पहिला विचार अर्थातच धावपळीचा, गोळीबाराचा. पण स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक ओळ चालताना वाचली जाते. चार शत्रू एकदम हलवायला गेलं की सगळेच रखडत चालत. वेग हवा तर मशीन कोड लिहायला हवं, आणि ते शिकवणारं कुणी जवळपास नव्हतं. कोड्याच्या खेळात ही अडचण येत नाही. खेळणारा स्वतःच विचार करत बसलेला असतो. यंत्राने क्षणभर उशीर केला तरी त्याच्या लक्षातही येत नाही.

जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांचा 'सोकोबान' १९८२ साली बाजारात आला होता. गोदामातली खोकी ढकलून नेमक्या जागी लावायची, एवढाच खेळ. आम्ही त्याचं अकोला केलं. कापसाच्या एकाधिकार खरेदीचे ते दिवस. जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठींच्या थप्प्या रोज दिसत. आमच्या खेळात हमाल गाठी ढकलत होता.

स्पेक्ट्रममध्ये आपल्याला हवी ती २१ चित्रं घडवता येत. एका चित्राला आठ बाय आठ घरं. चौकटीच्या वहीत हमाल काढायचा, भरलेल्या घराला १, रिकाम्याला ०, अशा आठ ओळी टाइप करायच्या. गाठीला दोन पट्ट्या दिल्या तेव्हा कुठे ती गाठ वाटली. चालीचा नियम त्याहून सोपा: पुढे भिंत असेल तर थांब, गाठ असेल तर तिच्या पलीकडचं घर बघ, ते रिकामं असेल तर दोघांनाही एक घर सरकव. चाल मागे घेण्यासाठी प्रत्येक पावलाचं एक अक्षर साठवायचं, गाठ ढकलली असेल तर मोठ्या लिपीतलं. पाचशे चाली पाचशे बाइटांत मावत.

खरा घाम निघाला आवारं रचताना. कोपऱ्यात गेलेली गाठ परत निघत नाही, कारण हमाल ढकलतो, ओढत नाही. मनाला येईल तसा नकाशा काढला की तो सुटायचाच नाही. उपाय आतेभावाला सुचला: उलटं खेळायचं. सगळ्या गाठी आधीच जागेवर ठेवायच्या आणि ओढत ओढत बाहेर विस्कटायच्या. मग तोच रस्ता सुलट धरला की कोडं सुटतंच. हे सगळं आम्ही वहीवर सरकीचे दाणे मांडून केलं. सरकी घरंगळत नाही, आणि तिला टीव्ही लागत नाही. बातम्या संपेपर्यंत एखादं आवार तयार होई. आमचा निम्म्याहून अधिक खेळ असा संगणक बंद असतानाच झाला.

तयार खेळ गाण्यांच्या जुन्या कॅसेटवर उतरवला. दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर तो चढेलच याची खात्री नसे; हेडचा स्क्रू किंचित फिरवून कर्कश आवाज स्वच्छ करावा लागे.

१९९०च्या आसपास स्पेक्ट्रमची बाजारपेठ आटली. मग टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले. रंग आणि वेग भरपूर, पण बहुतेकांत स्वतःचं काही लिहायची सोय नव्हती. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक साक्षरता गावोगाव गेली. त्यातून पुष्कळांना नोकऱ्या मिळाल्या, हे मोठंच काम झालं. मात्र तोवर संगणक येणं म्हणजे दुसऱ्याने केलेले प्रोग्राम वापरता येणं, असा अर्थ रुळला होता. स्पेक्ट्रम सुरू करून कळ दाबली की समोर फक्त लुकलुकणारा कर्सर असे. काहीतरी लिहिल्याशिवाय तो पुढे हलतच नसे.

आज स्क्रॅचसारखं प्रोग्रामिंगचं साधन फुकट आहे. सातवीतल्या पोरालाही दुपारभरात हमाल हलवता येतो. सुटेल आणि तरी चांगलं घोळवेल असं आवार रचायला मात्र त्यालाही वही घेऊनच बसावं लागेल.