विश्लेषण : वसंताच्या तोंडावर बास मासा कोणत्या ल्यूरला भुलतो?

अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च उजाडला की मासेमारीच्या दुकानांत गर्दी वाढते. हिवाळाभर घरी बसलेले हौशी मच्छीमार बास माशासाठी ल्यूर म्हणजेच कृत्रिम आमिषे निवडू लागतात. ‘बासमास्टर क्लासिक’ ही या खेळातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धाही बहुधा याच सुमारास होते आणि तिच्या विजेत्याला तीन लाख डॉलर मिळतात. मात्र, ल्यूरची निवड केवळ मासा मिळण्या-न मिळण्यापुरती उरत नाही. माशाची पुढची पिढी आणि तळ्यावरचे पक्षीही तिच्याशी जोडलेले आहेत.

बास म्हणजे नेमका कोणता मासा?

येथे बास म्हणजे उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला लार्जमाउथ, स्मॉलमाउथ किंवा स्पॉटेड बास. हे सनफिशच्या कुळातले शिकारी मासे आहेत. कोकणच्या खाड्यांतला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा यांच्याशी संबंध नाही. लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा (सुमारे १०.१ किलो) आहे. जॉर्ज पेरी यांनी तो १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात केला. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये त्याची बरोबरी केली.

वसंताची सुरुवात वेगळी का?

मासा थंड रक्ताचा असल्याने त्याची भूक पाण्याच्या तापमानावर ठरते. कडाक्याच्या थंडीत बास खोल पाण्यात जवळजवळ निपचित असतो. पाणी १० अंश सेल्सियसच्या आसपास आले की तो उथळ पाण्याकडे सरकतो. साधारण १६ ते १८ अंशांना अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या काही आठवड्यांत माद्या अंड्यांनी जड झालेल्या असतात आणि भरपूर खातात. मोठा मासा मिळण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. मात्र, एका थंड लाटेने पाणी दोन-तीन अंशांनी उतरले तरी मासे पुन्हा मागे फिरतात. त्यामुळे अनुभवी मच्छीमार दिनदर्शिकेपेक्षा थर्मामीटरवर जास्त विश्वास ठेवतात. उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या आणि दक्षिणेचे ऊन घेणाऱ्या खाचा आधी तापतात, म्हणून शोधही तेथूनच सुरू होतो.

पाणी १० अंशांच्या खाली असेल तर?

अशा वेळी ल्यूर जितका संथ, तितका बरा. ‘सस्पेंडिंग जर्कबेट’ हा लांबुडका, माशाच्या आकाराचा ल्यूर या काळात हमखास वापरला जातो. दोन हिसके दिले की तो डावी-उजवीकडे वळतो आणि मग पाण्यात तरंगत एका जागी थांबतो. हा थांबाच महत्त्वाचा. पाणी फार गार असेल तर तो दहा सेकंदांहूनही लांबवला जातो आणि मासा बहुतेकदा त्याच वेळी तोंड घालतो.

यामागचे कारण बासच्या खाद्यात आहे. दक्षिणेकडील अनेक तळ्यांत बास ‘थ्रेडफिन शॅड’ हे छोटे, तारलीशी नाते असलेले मासे खातो. त्यांना थंडी सोसत नाही. पाणी सात अंशांच्या खाली गेले की ते गळून जातात आणि आचके देत तरंगतात. जर्कबेट त्या मरणपंथाच्या माशाची नक्कल करतो. थंड पाणी अधिक घन असल्याने कधी कधी ल्यूर थांबण्याऐवजी हळूहळू वर येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणून मच्छीमार त्याला वजनाची बारीक चिकटपट्टी लावतात.

तळाशी बसलेल्या माशासाठी ‘जिग’ वापरतात. वजनदार डोके, गळ आणि रबरी झालर अशी त्याची रचना असते. तो तळावरून हळूहळू ओढला की क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारख्या प्राण्याचा भास होतो.

पाणी तापू लागल्यावर काय बदलते?

१० ते १५ अंशांत बास पाठलाग करू लागतो. तेव्हा ‘लिपलेस क्रँकबेट’ पुढे येतो. हा चपटा ल्यूर पाण्यात थरथरतो आणि अनेक प्रकारांत आतल्या गोळ्या खुळखुळतात. अलाबामातील गंटर्सव्हिल हे सुमारे ६९ हजार एकरांचे, पाणवनस्पतींसाठी प्रसिद्ध जलाशय. अशा ठिकाणी हा ल्यूर मुद्दाम गवतात अडकू देतात आणि झटक्याने सोडवतात. निसटून पळणारे भक्ष्य समजून बास त्यावर झडप घालतो. खडकाळ काठांवर मात्र कमी हलणारे, चपट्या अंगाचे क्रँकबेट अधिक उपयोगी पडतात.

रंग कसा ठरवतात?

पाणी किती नितळ, यावरून. स्वच्छ पाण्यात बास डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे चंदेरी, अर्धपारदर्शक असे नैसर्गिक रंग चालतात. पावसाने गढूळ झालेल्या पाण्यात त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने जाणवणारी कंपने अधिक उपयोगी ठरतात. तेथे गडद किंवा भडक रंगाचा, जास्त थरथरणारा ल्यूर निवडतात. टेक्सासच्या तळ्यांत वसंताच्या सुरुवातीला लाल रंगाला पसंती असते, कारण तो क्रॉफिशचा रंग मानला जातो.

नियम आणि पर्यावरणाचा मुद्दा काय?

अंडी घातल्यावर घरट्याची राखण नर करतो. त्याला उचलले की ब्लूगिलसारखे मासे काही वेळातच अंडी फस्त करतात. त्यामुळे थंड प्रदेशांत निर्बंध कडक आहेत. न्यू यॉर्क राज्यात बहुतेक पाण्यांत १ डिसेंबर ते १४ जून या काळात बास पकडला तर लगेच सोडावा लागतो आणि त्यासाठी फक्त कृत्रिम आमिषच वापरता येते. जिवंत आमिष मासा खोल गिळतो, तर ल्यूरचा गळ सहसा तोंडाच्या कडेला लागतो. त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले, तर सुटका आणखी सोपी होते.

दुसरा प्रश्न शिशाचा. अनेक जिगची डोकी शिशाची असतात. लून हा पाणपक्षी तुटलेला जिग गिळतो किंवा तो अडकलेला मासा खातो. असा एक तुकडाही त्याचा जीव घेऊ शकतो. म्हणूनच न्यू हॅम्पशायरने २०१६ पासून एक औंस (२८ ग्रॅम) किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगची विक्री आणि वापर बंद केला. टंगस्टनचा पर्याय महाग आहे. मात्र, तो शिशापेक्षा बराच घन असल्याने त्याच वजनाचा जिग लहान होतो आणि तळावरचा खडक की चिखल हे दोरीतून अधिक स्पष्ट कळते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय करावे?

पन्नास ल्यूर घेण्याची गरज नाही. एक जर्कबेट, एक लिपलेस क्रँकबेट, एक शिसेविरहित जिग आणि एक थर्मामीटर एवढ्यावर वसंताची सुरुवात निभावते. अमेरिकेतील मराठी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवावे. मासेमारीचा परवाना आणि नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. शेजारच्या राज्यात जो ल्यूर चालतो, तो आपल्या तळ्यावर दंडाचे कारण ठरू शकतो. त्यामुळे खरेदीआधी राज्याच्या वन्यजीव विभागाची नियमपुस्तिका पाहणे शहाणपणाचे.