पाळी जाताना: गोळी की पॅच?
अंगातून वाफा निघतात, रात्री गाऊन घामाने भिजतो, तेव्हा आराम देतं ते इस्ट्रोजेन. पण पिशवी काढलेली नसेल तर ते एकटं घेऊ नये. गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन. पाळी अधूनमधून येत असेल तर महिन्यातले 12 ते 14 दिवस, मग रक्तस्राव होतो. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर रोज. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल झोपताना घ्यावी, गुंगी येते. इस्ट्रोजेन मात्र पॅच किंवा जेलमधून घेणं मला जास्त पटतं: ते कातडीतून थेट रक्तात उतरतं, त्यामुळे गोळीसारखा गुठळ्यांचा धोका वाढत नाही. वजन जास्त असेल किंवा पायात पूर्वी गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ही औषधं सहसा देत नाहीत.