विश्लेषण : एका अक्षराच्या चुकीने सर्किट कसे जळते?

मोबाइल चार्जर असो वा इलेक्ट्रिक स्कूटर, आतला सर्किट बोर्ड कारखान्यात तपासला जातो. मोठ्या उत्पादनात तपासणीचा मल्टिमीटर किंवा पॉवर सप्लाय माणूस बटणे दाबून चालवत नाही. संगणक त्याला लेखी कमांड पाठवतो. ही कमांड लिहिण्याचे नियम कडक आहेत, आणि ते मोडले तर उपकरण आरडाओरडा करत नाही. खरी अडचण तीच.

ही भाषा कोणती?

तिचे नाव ‘स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रॅमेबल इन्स्ट्रुमेंट्स’. अभियंते तिला ‘स्किपी’ म्हणतात. १९७५च्या ‘आयईईई ४८८’ मानकाने उपकरणे संगणकाला कशी जोडायची ते ठरवले, पण कमांडचे शब्द ज्या त्या कंपनीचे राहिले. मीटर बदलला की प्रोग्रॅमही बदला! १९९०मध्ये स्किपी आली आणि शब्द बऱ्याच अंशी एकसारखे झाले.

कमांड लिहितात कशी?

घराच्या पत्त्यासारखी, मोठ्याकडून लहानाकडे. ‘मेझर’, मग ‘व्होल्टेज’, मग ‘डीसी’, आणि मध्ये कोलन. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तरच उपकरण उत्तर देते. ते विसरले तर संगणक उत्तराची वाट पाहत बसतो.

शब्द पूर्ण लिहा किंवा ठरलेल्या लघुरूपात. इंग्रजी ‘व्होल्टेज’ची सात अक्षरे चालतात, पहिली चार म्हणजे ‘व्होल्ट’ही चालतात. पाच लिहिली तर कमांड बाद. चौथे अक्षर स्वर असेल तर लघुरूप तीनच अक्षरांचे, म्हणून ‘पॉवर’चे ‘पॉव’.

एककांत तर भलताच चकवा आहे. कॅपिटल आणि लहान अक्षरांत इथे फरक नाही. त्यामुळे व्होल्टआधी ‘एम’ लिहिला की मिली, मेगासाठी ‘एमए’ लिहावे लागते. मात्र हर्ट्झ आणि ओहमआधी तोच ‘एम’ मेगा होतो!

नुकसान कसे होते?

समजा, पॉवर सप्लाय आधीच्या कामासाठी १२ व्होल्टवर ठेवलेला आहे. नव्या बोर्डला ३.३ व्होल्ट हवेत. प्रोग्रॅममध्ये ‘व्होल्टेज’ अर्धवट लिहिले गेले, म्हणून ती कमांड नाकारली जाते. पुढची ओळ ‘आउटपुट ऑन’ मात्र अचूक आहे. उपकरण ती इमानाने पाळते आणि ३.३ व्होल्टच्या चिपवर १२ व्होल्ट पडतात. पडद्यावर चुकीची बारीकशी खूण उमटलेलीही असेल, पण रॅकमधल्या उपकरणाकडे पाहतो कोण?

मग उपाय काय?

नाकारलेल्या कमांडची नोंद उपकरणाच्या त्रुटी-रांगेत होते. अनोळखी शब्दासाठी तिथे उणे ११३ हा क्रमांक येतो. सुरुवातीला रिसेटची कमांड द्यावी, म्हणजे जुन्या कामाची सेटिंग्ज उरत नाहीत. मग व्होल्टेज ठरवून, आउटपुट सुरू करण्याआधी ‘सिस्टिम’, कोलन, ‘एरर’, प्रश्नचिन्ह असे विचारावे. एका वेळी एकच नोंद मिळते, म्हणून उत्तरात शून्य येईपर्यंत विचारत राहावे लागते.