‘रोज चाला’ म्हटल्याने भागत नाही

“रोज अर्धा तास चालत जा!” मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोग्याला औषधाच्या चिठ्ठीबरोबर हे एक वाक्य मिळतेच. गोळ्या तो घेतो. चालणे चार दिवसांत सुटते. मग त्याला आळशी ठरवून आपण मोकळे होतो.

पण जरा पाचोडसारख्या गावाचेच पाहा. पेठेतला दुकानदार सकाळी गादीवर बसतो तो दिवेलागण उलटल्यावरच उठतो. मोसंबीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हटले तर ती हसेल, आणि तिचे हसणे रास्तच आहे. गुडघे धरलेल्या आजीबाईंना धुळे-सोलापूर हमरस्त्याच्या कडेने, ट्रकच्या धुरळ्यात, कोण फिरायला पाठवील? नवी सून एकटी फेरफटक्याला निघाली, तर “कुठं निघालीस गं?” असे विचारणारी दहा दारे वाटेवर आहेतच! सल्ला एक, अडचणी चार.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे गट पाडून त्यांनी सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीचा सल्ला ऐकून घरी गेलेल्यांपैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांच्याशी आहार-व्यायामाविषयी समक्ष बोलणे झाले, महिन्याच्या महिन्याला फोनवर विचारपूस झाली, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ राहिले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांतही जवळजवळ तेवढेच! यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जे मुळातच अंगमेहनत करीत, त्यांना ‘आहे तेच चालू ठेवा’ एवढेच सांगितले. झपझप चालायला लावले ते बैठ्या माणसांना.

त्याच मंडळींनी पुढे ५३७ नोकरदार पुरुषांना मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले. माणसाने अजून विचारही केलेला नाही, की सुरुवात केली आहे, हे पाहून संदेशाचा मजकूर ठरे. २०१३ साली निष्कर्ष आले: दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांत शेकडा २७ जणांना मधुमेह झाला, मिळालेल्यांत १८ जणांना.

माणूस पाहून बोलण्याची ही रीत पाचोडला परकी नाही. डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने ती विवाहित किशोरींच्या आरोग्यासाठी वापरली. दर महिन्याला घरी जायचे, गरज आधी विचारायची, मग त्या गरजेपुरतेच बोलायचे.

तिशी ओलांडलेल्यांचा एक तक्ता आशाताई भरतात. आठवड्याला १५० मिनिटे तरी शारीरिक हालचाल होते का, असा प्रश्न त्यात आहे. ‘नाही’ म्हटले की एक गुण पडतो. का नाही, याला मात्र रकाना नाही. तो प्रश्न तोंडीच विचारायला हवा. आजीबाईंना अंगणातल्या अंगणात फेऱ्या जमतील का? दुकानदाराला दुपारी जेवायला घरी पायी जाता येईल का? आणि जमले की नाही, हे पाहायला पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारी जायला हवे.