पाठक्रम आणि बायबलची विश्वदृष्टी : कोमेनियसचे सचित्र पाठ्यपुस्तक

पाठाच्या टाचणात बायबलची विश्वदृष्टी कशी आणावी, या प्रश्नाचा विचार करताना बहुधा प्रथम वचनांकडेच लक्ष जाते. आरंभी वा अखेरीस शास्त्रातील एखादे वचन योजले की पाठ त्या दृष्टीचा झाला, अशी समजूत असते. वस्तुतः विश्वदृष्टीचा वास वचनांपेक्षा विषयांच्या क्रमात व त्यांच्या परस्परसंबंधात अधिक असतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे योहान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) याचे १६५८ साली न्युरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झालेले ‘ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस’, म्हणजे ‘इंद्रियगोचर जगाचे चित्ररूप’, हे पाठ्यपुस्तक होय.

कोमेनियस मूळचा मोराव्हियाचा आणि ‘बोहेमियन बंधुसंघ’ या पंथाचा बिशप. धार्मिक छळामुळे १६२८ मध्ये तो देशोधडीला लागला. हंगेरीतील शारोशपाटक येथे १६५० ते १६५४ या काळात अध्यापन करीत असताना या पुस्तकाची रचना झाली. मुलांना लॅटिन शिकविणे हा त्याचा प्रकट हेतू. प्रत्येक पाठास एक चित्र असून चित्रातील वस्तूंना क्रमांक दिलेले आहेत; खाली लॅटिन व जर्मन मजकूर शेजारी शेजारी छापून त्या त्या वस्तूच्या नावापुढे तोच क्रमांक घातला आहे. त्यामुळे वस्तू, परकी संज्ञा आणि मातृभाषेतील शब्द ही तिन्ही विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे एकदमच उभी राहतात.

या योजनेचे मूळही बायबलातच शोधता येते. पुस्तकाच्या आरंभी ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंगाचा निर्देश आहे : देव पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे ठेवतो. वस्तू आधी, नाव मागाहून, हे कोमेनियसच्या भाषाशिक्षणाचे सूत्र. त्याला या कथेत आधार सापडतो.

पाठांचा अनुक्रमही तसाच अर्थपूर्ण आहे. सुमारे १५० पाठांपैकी पहिल्यांत ईश्वर येतो. मग जग, आकाश, अग्नी, वायू, जल व पृथ्वी. पुढे धातू, वनस्पती, पशुपक्षी आणि त्यानंतर मनुष्य. मनुष्याचा पाठ आदाम-हव्वेच्या निर्मितीपासून सुरू होतो. त्यापुढे शेती, भाकरी, विणकाम, सुतारकाम, छापखाना, सद्गुण, राज्य व धर्म असे विषय येतात आणि ईश्वरी योजना व अंतिम न्याय यांवर पुस्तक संपते. लोहाराच्या किंवा विणकऱ्याच्या पाठात वचन घालण्याची गरज कोमेनियसला भासत नाही. सृष्टी व न्याय यांच्या दरम्यान तो पाठ ज्या स्थानी बसविला आहे, त्यावरूनच मानवी श्रमाचे मोल सूचित होते.

या पद्धतीच्या मर्यादाही याच पुस्तकात दिसून येतात. स्थिर पृथ्वीभोवती आकाश फिरते, असे ते मुलांना शिकविते. कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित कोमेनियसने १६१४ मध्ये हायडेलबर्ग येथे स्वतः विकत घेतले होते; तथापि सूर्यकेंद्री मत त्याने स्वीकारले नाही. इस्लामविषयक पाठात तर वर्णनाची जागा आरोपाने घेतली आहे. परधर्मीयास स्वतःची ओळख पटावी, असे ते चित्रण नाही. हे दोन्ही दोष गंभीर आहेत. कारण क्रमांकित चित्राशेजारी छापलेले विधान मुलाला वस्तूइतकेच निःसंशय वाटते. जी पद्धती शब्द मनात पक्का रुजविते, तीच चूकही रुजविते.

यावरून पाठ आखणाऱ्या शिक्षकास एक विवेक करता येतो. विषयांचा क्रम, ज्ञानाचे प्रयोजन आणि श्रमाचे मोल यांविषयी विश्वदृष्टी बोलू शकते, किंबहुना ती बोलतेच. मग ती बायबलची असो वा अन्य कोणती. परंतु ग्रह कसे फिरतात हे निरीक्षणानेच ठरावयास हवे, आणि शेजाऱ्याचा धर्म काय आहे हे त्याच्या स्वतःच्या साक्षीवाचून सांगता येत नाही. या मर्यादा पाळल्या तरच ‘वस्तू आधी, नाव मागाहून’ हे सूत्र खऱ्या अर्थाने पाळले जाते.