मनावरील ताण आणि दूरस्थ उपचार

पावसाने ताण दिला की पीक माना टाकते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मनावरील ताण मात्र असा चटकन दिसत नाही. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कामास हात लागत नाही. ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर त्यास आळस न म्हणता दुखणे समजावे व उपाय करावा.

मानसोपचारतज्ज्ञ खेड्याजवळ क्वचितच असतो. ही अडचण ऑनलाइन उपचाराने काही अंशी दूर होते. स्वीडन व ऑस्ट्रेलियात ही पद्धत रूढ आहे. मोबाईलवर ठराविक काळाने एक पाठ मिळतो. त्यातील अभ्यास करून नोंद पाठवावयाची आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाने ती वाचून उत्तर द्यावयाचे. नुसते पाठ पुष्कळ जण अर्धवट सोडतात. मार्गदर्शकाची साथ असल्यास गुण अधिक येतो, असे आढळले आहे.

उपचाराची तत्त्वे दोन. खचलेला माणूस पारावर जाणे, भजनास बसणे सोडतो. त्यामुळे मन अधिकच खचते. म्हणून रोज एखादे लहानसे काम ठरवून करावयाचे. दुसरे, घटना व विचार वेगळे लिहावयाचे. ‘कपाशी गेली’ ही घटना. ‘आता सारेच संपले’ हा विचार. तो तपासून पाहता येतो.

मार्गदर्शक डॉक्टरच असावा असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ प्रत्यक्ष बैठकांत नैराश्याच्या रुग्णांस आराम दिल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही समुपदेशन मिळते. हा पाठांचा अभ्यासक्रम नव्हे. परंतु आरंभ येथून करता येतो.

ग्रामसेवकांनी हा क्रमांक चावडीवर लावावा. ज्यास वाचता येत नाही त्यास फोन जोडून द्यावा. ऐकलेली गोष्ट मात्र चारचौघांत बोलू नये. कोणी जीव देण्याची भाषा केल्यास त्यास एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलुपात ठेवावीत व त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

या उपचाराने कर्ज फिटत नाही की पाऊस पडत नाही. परंतु बँकेत जाऊन बोलणे, विम्याचा अर्ज वेळेत भरणे, पुढील पेरणीचा विचार करणे, यांसाठी मन थाऱ्यावर असावे लागते. ते थाऱ्यावर आणण्याचे हे साधन आहे.